दरवर्षी तेच लग्न कसं? सोलापुरातल्या चौथीच्या एका वर्गाचं प्रकरण

चौथीतल्या एका मुलीचे आजोबा सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "लेकरांना देवाची टिंगल करायला शिकवता काय ओ?" एवढंच त्यांचं म्हणणं. तक्रार तोंडी होती, त्यामुळे शाळेच्या फाइलमध्ये तिचा कागद नाही. पण तिच्यापायी वर्गातला एक तास बंद पडायच्या बेतात आला होता. तो का पडला नाही आणि पुढे कसा बदलला, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. शाळेचं आणि माणसांचं नाव देत नाही. शिक्षिकेला नुसतं बाई म्हणू या.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची. आसपास यंत्रमागांची खडखड, घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका. वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, दोन-चार घरी दखनी उर्दू, बाकी मराठी. मुलं आपसात या सगळ्याची सरमिसळ करून बोलतात. बाईंसमोर मात्र पुस्तकी मराठी. सरमिसळ चालू असते तोवर मुलं विचार करत असतात आणि पुस्तकी मराठी सुरू झाली की उत्तर 'द्यायला' लागतात, हे बाईंच्या फार लवकर लक्षात आलं होतं.

बाईंनी एका प्रशिक्षणात मॅथ्यू लिपमन यांच्या पद्धतीबद्दल ऐकलं होतं. लिपमन अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. कॉलेजात येईपर्यंत मुलांच्या विचार करण्याच्या सवयी घट्ट झालेल्या असतात, तर्कशास्त्र तेव्हा शिकवणं म्हणजे उशीर, असं त्यांचं मत झालं. त्यांनी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आणि 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे या कामासाठी संस्था काढली. पद्धत दिसायला साधी आहे. गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनी काढायचे, त्यातला एक मुलांनीच निवडायचा आणि गोल बसून त्यावर बोलायचं. शिक्षकाने बोलण्याची शिस्त सांभाळायची, उत्तर सांभाळायचं नाही. यातलं शेवटचं वाक्य किती अवघड आहे, ते पुढे येईलच.

शनिवारी सकाळच्या शाळेतला शेवटचा अर्धा तास बाईंनी यासाठी मागून घेतला. मुलांनी त्याला 'प्रश्नांचा तास' म्हणायला सुरुवात केली. नियम तीन. एका वेळी एकाने बोलायचं. 'पटलं' किंवा 'पटलं नाही' म्हटलं की लगेच 'कारण' म्हणायचं. मत बदललं तर हात वर करून सांगायचं. मला स्वतःला तिसरा नियम सर्वांत आवडतो. मत बदलल्याचं वर्गात उघड सांगायला मुलांना लाज वाटत नाही, ही मोठी गोष्ट आहे. मोठ्यांच्या सभेत तसं कुणी केल्याचं आठवत नाही.

बाईंनी आणखी एक गंमत केली. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : खरं काय ते शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं नुसतं मोडत जाणारी वितंडा. संस्कृत नावं न सांगता त्यांनी हे तीन प्रकारचं भांडण म्हणून करून दाखवलं. त्यानंतर तास रंगला की कुणीतरी ओरडायचं, "बाई, हा तिसरं भांडण करायलाय!"

तरी पहिले काही तास फिके गेले. 'खोटं बोललं तर चालतं का?' या प्रश्नावर वर्गाने एकमुखाने 'नेहमी खरे बोलावे' असं सांगितलं आणि विषय संपला. रोज परिपाठात सुविचार, मूल्यशिक्षणाला बोधकथा, कथेखाली तात्पर्य. तात्पर्य आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीत शोधायचं काय? मुलं बाईंचा चेहरा वाचत होती. भुवई जरा हलली की उत्तर बदलायचं.

मग गड्डा आला.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. सिद्धेश्वर महाराज, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, हे या गावाचं ग्रामदैवत. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरली. महाराज योगी, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली, अशी कथा आहे. संक्रांतीच्या सुमारास दरवर्षी तो विवाह होतो. सात नंदीध्वज मिरवत निघतात, बाराबंदी घातलेले भक्त ते उंच ध्वज पेलतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम मैदानावर होमप्रदीपन, म्हणजे कुंभारकन्या सती गेल्याच्या कथेची आठवण. गर्दीतून 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' घुमत असतं. आणि पाळणे, खेळणी, भेळ यांची जत्रा, तिला सगळं सोलापूर गड्डा म्हणतं.

जत्रेनंतरच्या शनिवारी बाईंनी गोष्ट वाचलीच नाही. गड्ड्यावरून काय प्रश्न पडले, एवढंच विचारलं. प्रश्न आले ते बहुतेक पाळण्याच्या तिकिटाचे आणि मौत का कुव्यातली मोटरसायकल पडत कशी नाही याचे. त्यांत एका मुलीने विचारलं, "योगदंडाचं लग्न गेल्या वर्षी पण झालं होतं की. मग यंदा परत कसं लागलं?" तिच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरवणुकीत चालतात. काकांची बाराबंदी धुऊन वाळत घातलेली तिने त्याच आठवड्यात पाहिली होती. मुलांनी हात वर करून हाच प्रश्न निवडला.

पुढची वीसेक मिनिटं त्या वर्गात पूर्वी कधी झाली नव्हती अशी चर्चा झाली. बाईंनी ती त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवली होती, तीवरून देतो.

पहिलं उत्तर आलं वाढदिवसाचं. "माझा वाढदिवस दरवर्षी येतो, पण मी दरवर्षी जन्मत नाही. तसंच लग्न एकदाच झालं, आपण आठवण करतो." बऱ्याच जणांना पटलं. एका मुलाला पटलं नाही : "कारण वाढदिवसाला कुणी 'आज बाळ झालं' म्हणत नाही. इथं अक्षता खऱ्या टाकतात. मी टाकल्या." दुसरी म्हणाली, रामनवमीला पाळणा हलवतात तेव्हा तर 'राम जन्मला' असंच म्हणतात. एक जण म्हणाला, "आमच्यात बकरीदची गोष्ट पण एकदाच झालेली आहे. पण कुर्बानी दरवर्षी खरीच असते." मग कुणीतरी तुळशीचं लग्न काढलं आणि वर्ग पेटला. "आमची तुळस वाळली. आईने नवीन रोप आणलं. मग यंदा लग्न कुणाचं लागलं? जुन्या तुळशीचं की नव्या?" त्यावर मागून आवाज आला, "होमात नवरी जाते की. मग दरवर्षी नवरी कुठून येते?"

हा शेवटचा प्रश्न बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. मला ते बरोबर वाटतं. दहा मिनिटांत घंटा होणार असताना सतीच्या कथेत नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन शिरायचं आणि अर्ध्यावर सोडून द्यायचं, यात शहाणपण नाही. सगळेच प्रश्न त्याच दिवशी घ्यायचे नसतात.

नाटकातल्या लग्नाचा मुद्दाही आला. एकीच्या मते हे नाटकासारखं. तिला लगेच उत्तर मिळालं की नाटकातले नवरा-नवरी नंतर घरी जाऊन वेगळे होतात, 'काठ्या तर काठ्याच राहतात'. या उत्तरात नक्की काय आहे, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. पण त्यात काहीतरी आहे.

घंटा व्हायला पाच मिनिटं राहिली तेव्हा बाई उठल्या आणि आवरतं घ्यायचं म्हणून त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे लिहिलं 'खरं लग्न', उजवीकडे 'आठवणीचं लग्न'. मुलांनी भराभर उदाहरणं सांगितली. ताईचं लग्न डावीकडे गेलं. योगदंडाचं, तुळशीचं आणि मुलींनी मागणी केल्यावर बाहुलीचंही उजवीकडे. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

सगळा घोळ इथे झाला. आजोबा चिडले ते प्रश्नामुळे असं मुख्याध्यापकांना वाटत होतं, आजोबांनाही तसंच वाटत होतं. पण घरी काय झालं ते मुलीकडून नीट विचारून घेतल्यावर वेगळं चित्र दिसलं. रविवारी जेवताना तिने आजोबांना वही दाखवली आणि विचारलं, "अज्जा, आपलं लग्न खरं नाही का? ते या बाजूला आहे." वर्गात तिचा प्रश्न 'परत कसं' असा होता. घरी जाईपर्यंत तो 'खरं नाही का' झाला. 'खरं नाही' हे कुठल्याही मुलाने म्हटलेलं नव्हतं, ते फळ्यावरच्या रकान्याने म्हटलं होतं. एका रकान्याला 'खरं' हे नाव दिलं की दुसरा आपोआप खोटा ठरतो. त्यात बाहुलीच्या लग्नाशेजारी योगदंडाचं लग्न. आजोबांच्या जागी मी असतो तर मीही शाळेत गेलो असतो.

फळ्याचं आपल्याकडे एक वजन आहे, ते परदेशातून आलेल्या पद्धतीच्या पुस्तिकांत लिहिलेलं नसतं. गोल बसून मुलं काहीही म्हणोत, फळ्यावर आलं म्हणजे ते उत्तर. परीक्षेला येणार ते. बाईंनी अर्धा तास स्वतःचं मत सांगितलं नव्हतं, चेहराही सांभाळला होता. शेवटच्या पाच मिनिटांत खडूने मत देऊन टाकलं.

मुख्याध्यापकांपुढे रस्ते तीन होते. तास बंद करणं सर्वांत सोपं. तसंही स्कॉलरशिपची तयारी मागे पडतेय, असं काही पालक म्हणतच होते. दुसरा रस्ता, तास चालू ठेवायचा पण देवधर्म वगळायचा. ऐकायला हा समंजस वाटतो, पण पूर्व भागातल्या मुलाच्या आयुष्यातून सण, मिरवणूक, मन्नत, उपास काढले तर त्याच्याकडे विचार करायला गोष्टी किती उरतात? शिवाय ही मुलगी अश्रद्धेतून विचारत नव्हती. मिरवणूक नीट पाहिलेल्या मुलीलाच तो प्रश्न पडू शकतो. तिसरा रस्ता बाईंनी सुचवला : आजोबांनाच तासाला बोलवायचं. मुख्याध्यापकांनी अट घातली की मी स्वतः बसणार, आणि फळ्यावर काही लिहायचं नाही.

मधल्या शनिवारी मात्र बाईंनी गड्ड्याचं नाव काढलं नाही. त्यांनी दिव्याचा प्रश्न दिला. मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्खू नागसेनाला विचारतो की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा. नागसेन उलट विचारतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? बाईंनी देवघरातल्या समईवर हा प्रश्न ठेवला. मुलं आधी 'एकच' म्हणाली. मग तेल संपून नवीन घातलं तर, वात बदलली तर, असं करत करत वर्ग दुभंगला. तेव्हा यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या मुलाने तोंड उघडलं. एरवी हा गप्पच असतो. निम्मं तेलुगूत बोलला, शेजारणीने मराठीत सांगितलं : "पप्पांच्या मागावर एकाच डिझाइनच्या चादरी निघतात. सगळ्या सेम. पण एक चादर विकली तर दुसरी घरीच राहते. लग्न दिव्यासारखं आहे का चादरीसारखं?"

गड्ड्याचं नाव न घेता तो गड्ड्यावरच परत आला होता. डिझाइन एक आणि त्याच्या चादरी अनेक : डिझाइन हे चादरींपेक्षा वेगळं असं काही खरोखर असतं का? नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणत, असतं. त्याला ते सामान्य किंवा जाती म्हणत, सगळ्या गायींत असलेलं गाईपण. बौद्ध आचार्य म्हणत, असं काही नसतं, ते आपल्या बुद्धीने केलेलं असतं. दिङ्नाग, धर्मकीर्ती यांच्यापासून हे भांडण शतकानुशतकं चाललं. सोलापुरात ते चादरीवरून निघालं, यात मला नवल वाटत नाही. डी.एड.च्या वर्गात पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या हवाल्याने शिकवतात की सात ते अकरा वर्षांचं मूल मूर्त गोष्टींवरच तर्क करू शकतं, अमूर्त विचार त्यानंतर. गॅरेथ मॅथ्यूज या तत्त्वज्ञाने याला हरकत घेतली होती. त्याने सहाएक वर्षांच्या एका मुलाचं उदाहरण दिलं आहे. मुलगा भांडं चाटत असताना वडिलांना विचारतो, हे सगळं स्वप्न नाही हे कशावरून? मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. चादर मूर्त आहेच. पण प्रश्न चादरीचा नव्हता.

या तासाला फळा कोराच राहिला. शेवटी तीन मुलांनी मत बदललं म्हणून हात वर केले. एकाने दोनदा.

आजोबा त्याच्या पुढच्या शनिवारी आले, धोतर-टोपीत, स्वच्छ. खरं सांगायचं तर तो तास रंगला नाही. मुलं नको तितकी शहाण्यासारखी बसली, मुख्याध्यापक मागे खुर्ची टाकून बसलेले. आजोबांनी आधी उपदेश केला. बाईंनी तो होऊ दिला. मग बाईंनी त्या मुलीला तिचा मूळ प्रश्न विचारायला सांगितलं. आजोबा थोडे थांबले. म्हणाले, "लग्न एकदाच झालं. पण त्या दिवशी आपण नव्हतो ना तिथं. दरवर्षी अक्षता टाकतो म्हणजे आपण हजर राहतो." एवढं बोलून झाल्यावर त्यांनाच ते आवडलं असावं, कारण पुन्हा एकदा म्हणाले. वाढदिवसवाला आणि अक्षतावाला, दोघेही हे आपलंच उत्तर आहे म्हणून वाद घालू लागले.

मग आजोबांनी आपणहून गोष्ट सांगितली. सिद्धराम तळ्याचं काम करवून घेत होते, तेव्हा अल्लमप्रभू हे शरण संत सोन्नलगीला आले. सोन्नलगी म्हणजे आपलं सोलापूरच. शून्यसंपादने या शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात हा प्रसंग आहे. अल्लमप्रभूंनी सिद्धरामांनाच अडचणीचे प्रश्न विचारले. तळी खोदून, देवळं बांधून काय साधतं? पुढे सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले. गोष्ट संपली तेव्हा एका मुलाने विचारलं, "मग अल्लमप्रभूंना कुणी ओरडलं नाही का?"

आजोबा हसले. "ओरडले की. दगड मारले म्हणतात."

आजोबांचा राग गेला, असं मी म्हणणार नाही. जाताना ते मुख्याध्यापकांना म्हणाले की पोरांनी विचारावं, पण घरच्या माणसाला चारचौघांत जेवताना नव्हे. ही तक्रार मला पहिल्या तक्रारीपेक्षा महत्त्वाची वाटते. शनिवारी मुलगी घरी गेली तेव्हा प्रश्न तिच्याबरोबर गेला, नियम शाळेतच राहिले. वर्गात 'पटलं नाही, कारण' म्हणायची सवय सगळ्यांना होती. घरी ती एकटीला होती. ज्या घरात मोठ्यांना उलट विचारायची रीत नाही, तिथे तोच प्रश्न उद्धटपणा ठरतो. त्यात मुलाचा दोष नाही, घराचाही नाही.

बाईंनी त्यावर काढलेला उपाय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा भाग वाटतो. आता प्रश्न घरी पाठवायचा असेल तर गृहपाठ असा असतो : घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा, 'तुम्हाला काय वाटतं? कशामुळे वाटतं?' स्वतःचं मत सांगायचं नाही, फक्त ऐकून यायचं. त्यामुळे मूल घरी आव्हान देणारं राहत नाही, विचारायला आलेलं होतं. सगळीकडे जमतं असं नाही. काही घरांत 'काम करू दे' एवढंच उत्तर मिळालं. पण 'तोच दिवा का' या प्रश्नाला एका आईने विड्या वळता वळता सांगितलेलं उत्तर वर्गात फार वेळ गाजलं : "हजार विड्या रोज वळते. एक पण दुसरीसारखी नसते. मोजणाऱ्याला सगळ्या सारख्या."

हे प्रकरण ऐकून एका शिक्षकमित्राने विचारलं, यातून मार्क वाढतात का? प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचं आहे. इंग्लंडमध्ये 48 प्राथमिक शाळांत या पद्धतीचा प्रयोग झाला. 2015 च्या अहवालात वाचन आणि गणितात थोडी सुधारणा दिसली. पुढे जास्त शाळांत केलेल्या चाचणीत, जिचा अहवाल 2021 मध्ये आला, वाचनात तसा फायदा आढळला नाही. तेव्हा स्कॉलरशिपच्या नावाने हा तास पालकांना विकू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये चिकित्सक विचाराचा पुरस्कार आहे, मुख्याध्यापकांनी अधिकाऱ्यांपुढे तेवढा आधार घेतला. कागदोपत्री तास कुठेतरी बसवावा लागतो.

एका गोष्टीवर बाईंचं आणि माझं अजून जुळत नाही. देवधर्माचा प्रश्न त्या आता स्वतःहून काढत नाहीत. मुलांनी काढला तरच घेतात. माझं म्हणणं, मुलांना बाईंचं मौनही वाचता येतं, भुवई वाचता येते तसंच. कुठला प्रश्न बाईंना नको आहे हे त्यांना महिन्याभरात कळेल, आणि तो बंद होईल. बाई म्हणतात, आजोबांशी बोलायला मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही नव्हता, मी होते. याला माझ्याकडे उत्तर नाही.

ही चौथी आता पाचवीला दुसऱ्या शाळांत पांगेल. जूनमध्ये नवीन वर्ग येईल. बाईंना पहिल्याच महिन्यात वाळलेल्या तुळशीचा प्रश्न घ्यायचा आहे. मुख्याध्यापक म्हणतात, दिवाळीनंतर घ्या, तोवर पालकसभा होऊन जाऊ दे.